ज्याच्या हाती ससा



मराठवाड्यातल्या माणसाला स्वातंत्र्याच्या दोन तारखा पाठ असतात. १५ ऑगस्ट १९४७ ही देशाची. १७ सप्टेंबर १९४८ ही आपली, म्हणजे निजामाच्या अमलातून सुटलेल्यांची. आज आम्हाला तिसऱ्या तारखेबद्दल बोलायचे आहे. ३१ ऑगस्ट १९५२. त्या दिवशी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून गेला आणि पारधी, कैकाडी, बेरड, रामोशी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती कागदावर 'विमुक्त' झाल्या. म्हणजे देश सुटला, मराठवाडा सुटला, त्यानंतरही काही वर्षे आपल्याच देशातली काही माणसे जन्माने गुन्हेगार होती. आईच्या पोटातून बाहेर पडलेले मूलही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. वकिली आमचा धंदा नव्हे. तेव्हा कलमांचा पाढा वाचून दाखवण्याचा आमचा बेत नाही. पण पुरावा म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय, संशय केव्हा रास्त आणि केव्हा नुसता पूर्वग्रह, हे प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत पोलीस आणि कायदा कसे वागतात, याची चिकित्सा आम्ही त्या बाजूने करणार आहोत.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. शिकार कुणी केली हा वाद नको, ससा ज्याच्या हातात दिसेल त्याला पारधी म्हणा. म्हण तशी थोडी अन्यायाचीच, कारण मारणारा एक आणि मिरवणारा दुसरा असू शकतो. पण तिच्यात निदान एक शिस्त आहे. आधी ससा, मग नाव. आधी हातातली वस्तू, मग माणसाला लावलेले विशेषण. आता हीच म्हण पोलीस ठाण्यात कशी फिरते बघा. तिथे आधी पारधी सापडतो. तो पारधी आहे, म्हणजे ससा त्याच्याच हातात असणार. हातात नसेल तर पालात असेल. पालात नसेल तर कुठेतरी पुरला असेल. आणि तेही नसेल तर तो बोलत नाही, म्हणून त्याला बोलता केला पाहिजे.

न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा शुद्ध हेत्वाभास आहे. धूर दिसला की अग्नी आहे असे आपण म्हणतो, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती आपण पारखून घेतलेली असते. 'जिथे पारधी तिथे चोरी' ही व्याप्ती कुणी पारखली? चोरी न करणारे पारधी आहेत, आणि पारधी नसलेले चोर तर पुष्कळ आहेत. साध्य जिथे आहे तिथेही हेतू सापडतो आणि जिथे नाही तिथेही सापडतो, तेव्हा आपले नैयायिक त्याला सव्यभिचार म्हणतात. अशा हेतूवर अनुमान उभे राहत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे लिहिले तर आम्ही गुण कापायचो. इथे गुण कापले जात नाहीत, माणसाची वर्षे कापली जातात.

आता हा हेत्वाभास कायद्यात कधी शिरला ते पाहू. १८७१ चा मूळ कायदा आला तेव्हा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायद्याचे काम जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या गृहस्थांकडे होते. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने जाहीर करायचे, तिच्या माणसांची नोंद करायची, त्यांनी ठरल्या ठिकाणी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द सोडायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारची ही घोषणा बरोबर की चूक, हे कोणत्याही न्यायालयाने विचारायचे नाही. हेच स्टीफन पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, भारतीय पुरावा कायदा लिहून देतात. त्या कायद्यातले एक तत्त्व असे की आरोपीची चालचलणूक वाईट आहे ही गोष्ट फौजदारी खटल्यात गैरलागू आहे. आरोपीने स्वतःहून आपल्या चांगल्या वागणुकीचा पुरावा आणला, तरच उत्तरादाखल ती काढता येते. म्हणजे बघा, एकाच काळात, एकाच टेबलावर दोन कायदे. एक म्हणतो, माणूस कसा आहे ते बघू नका, त्याने काय केले ते बघा. दुसरा म्हणतो, काय केले ते बघू नका, कुणाच्या पोटी आला ते बघा.

हेच स्टीफन १८७३ मध्ये एक पुस्तक छापतात. नाव काय, तर 'स्वातंत्र्य, समता, बंधुता'. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतले शब्द वाटतात ना? पण ते पुस्तक या तीन शब्दांची बाजू घ्यायला लिहिलेले नाही, त्यांचा समाचार घ्यायला लिहिलेले आहे. जॉन स्टुअर्ट मिलला ते उत्तर आहे. तेव्हा स्टीफनसाहेब गोंधळले होते असे समजू नका. दोन कायदे दोन प्रकारच्या माणसांसाठी आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. घरदार असलेल्यांसाठी पुरावा. बिऱ्हाड पाठीवर असलेल्यांसाठी नोंदवही.

तो कायदा १९११ आणि १९२४ मध्ये आणखी विस्तारला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये कायदा गेला. पण नोंदवही गेली का?

१९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नाही. पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या माणसाची नोंद, त्याच्यावर नजर, एवढेच. वाचायला निर्दोष. पण 'सराईत' कोण, हे ठरवताना जुन्या वह्या, जुने शेरे आणि जुनी नजर कामाला आली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हे सराईत गुन्हेगार कायदे रद्द करावेत असे सुचवले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही २००७ मध्ये भारताला तेच सांगितले.

दुसरे उदाहरण महाराष्ट्र पोलीस अधिनियमातले. त्याच्या १२२ व्या कलमात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात काय केले तर गुन्हा, याची यादी आहे. त्यातली एक गोष्ट अशी की चोर म्हणून ज्याचा बोलबाला आहे असा माणूस रस्त्यावर रेंगाळताना सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा करता आला नाही. इथे थांबा जरा. बोलबाला कोण करणार? आपणच. समाधान कुणाचे व्हायचे? शिपायाचे. आणि ज्याचे घरच रस्त्याकडेला आहे, त्याने सूर्यास्तानंतर जायचे कुठे? आपण रात्री फाटकाबाहेर उभे राहिलो तर ती शतपावली होते. पालातला माणूस बाहेर उभा राहिला तर तो रेंगाळतो.

तिसरे उदाहरण भीक प्रतिबंधक कायद्याचे, तोही १९५९ चाच. त्यात भिकेची व्याख्या केवढी रुंद आहे! गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत दाखवणे आणि त्यावर पैसे मागणे ही भीक. डोंबारी, नंदीवाले, जोशी, डवरी गोसावी, सगळे त्यात आले. शिवाय उपजीविकेचे दिसण्यासारखे साधन नसताना भटकणे हीसुद्धा भीक. वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्याने तो कायदा जन्माला घातला, त्या आपल्या राज्याने यातून काय घेतले, हा प्रश्न विचारायला हवा. वासुदेवाची चित्रे आपण दिवाळी अंकावर छापतो. तोच वासुदेव शहरातल्या सिग्नलला उभा राहिला की कायद्याच्या लेखी भिकारी.

तर कायद्याचे शब्द असे. आता ते माणसावर कसे चालतात, त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच राज्यातले एक प्रकरण घ्या. जून २००३ मध्ये शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, अत्याचार झाले. अत्यंत अमानुष गुन्हा, त्याबद्दल दुमत नाही. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले.

या दोन निकालांच्या मध्ये नवे काय सापडले? काहीच नाही. जे होते ते पहिल्या आठवड्यापासून कागदात होते. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोच्या आल्बममधून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहांमधली नव्हती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयाने २०१९ मध्ये लिहिले की हे आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आपलीच म्हण. पण इथे संन्यासी कसा निवडला गेला ते महत्त्वाचे. तपास करणाऱ्यांवर गावाचा, वर्तमानपत्रांचा, वरिष्ठांचा दबाव असतो. कुणीतरी लवकर सापडायला हवे असते. अशा वेळी ज्याच्यामागे वकील नाही, आमदार नाही, ज्याच्यासाठी ठाण्यावर मोर्चा येणार नाही, असा माणूस सोयीचा पडतो. त्यासाठी तपास अधिकारी दुष्टच असायला हवा असे नाही. त्याला 'हेच लोक असं करतात' एवढे वाटणे पुरे. व्याप्ती आधीच ठरलेली, धूर शोधण्याची गरज उरत नाही. आणि सोळा वर्षांनी न्याय मिळाला म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी एवढे लक्षात ठेवा की त्या मारल्या गेलेल्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेर राहतो. पूर्वग्रहाची किंमत फक्त भटके मोजत नाहीत, आपणही मोजतो.

आता एक आक्षेप येईल. तो आम्ही टाळणार नाही, कारण या सभागृहातल्या पुष्कळांच्या मनात तो आहे. "सर, पण चोऱ्या होतातच ना? त्यातले काही लोक चोऱ्या करतातच ना?" होय, काही करतात. कोणत्या समाजातले काही करत नाहीत? शिकार बंद झाली, जंगल गेले, जमीन कधी मिळालीच नाही, शाळेच्या दाखल्याला गाव नाही. अशा माणसांपैकी काहींनी चोरी केली तर आश्चर्य नाही, आणि ज्याने केली त्याच्यावर खटला चालायलाच हवा. पण प्रश्न वेगळा आहे. सहकारी पतसंस्था बुडवणाऱ्याची जात विचारून त्याच्या भावकीतल्या सगळ्या घरांची झडती आपण घेतो का? नाही घेत. शिवाय शोध फक्त पालातच घेतला तर मुद्देमाल फक्त पालातच सापडणार. मग तो सापडलेला मुद्देमाल दाखवून आपण म्हणणार, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" नजर जिथे लावली तिथलेच दिसते. याला पुरावा म्हणत नाहीत.

आपली भाषासुद्धा यात मागे नाही. 'भामटा' हा शब्द आपण लबाडासाठी वापरतो, आणि राजपूत भामटा ही सरकारी यादीतली एक जमात आहे. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले. ज्या शब्दाने मारले तोच शब्द मुखपृष्ठावर. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाचा गौरव झाला, पण शब्दातली नोंदवही आपण मिटवली नाही. वर्तमानपत्रात आजही 'पारधी टोळी' असा मथळा येतो. दुसऱ्या कोणत्या जातीचे नाव लावून टोळी छापली जाते, ते एकदा आठवून बघा.

अटकेनंतरची गोष्ट जामिनाची. आपल्या व्यवहारात ही सर्वांत कमी बोलली जाणारी असमता आहे. न्यायाधीश जामीन मंजूर करतात, पण लायक जामीनदार आणा म्हणतात. लायक म्हणजे कोण? ज्याचा सातबारा आहे, ऐपतीचा दाखला आहे, तालुक्यात ओळख आहे. भटक्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात, त्याचाही सातबारा नाही. हुकूम हातात असतो आणि माणूस आतच असतो. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हाच प्रश्न हाताळला. दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. त्याला आता सुमारे चार तपांचा काळ लोटला, पण लायकी अजून सातबाऱ्यानेच मोजली जाते. निर्दोष असण्याचे गृहीतक सगळ्यांना सारखे आहे असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या गृहीतकाला पत्ता लागतो.

संरक्षणातही असाच भेद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, तो अनुसूचित जाती आणि जमातींसाठी. महाराष्ट्रात विमुक्त जाती हा वेगळा राज्य प्रवर्ग, त्यात चौदा जमाती. त्यांना शिक्षणात आणि नोकरीत तीन टक्के राखीव जागा आहेत, पण त्या कायद्याचे कवच नाही. बुलढाण्यातला कैकाडी अनुसूचित जातीत आहे, परभणीतला कैकाडी नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी विमुक्तांत. मारणारा कधी प्रवर्ग विचारून मारतो का? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागायला आलेले. अनोळखी आणि भटके, एवढ्यावर निकाल लागला. पोलीस ठाण्यातला हेत्वाभास त्या दिवशी गावकऱ्यांनी चालवला.

आपल्या परभणीतले डिसेंबर २०२४ चे प्रकरण टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या घटनांत अटक झालेला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्याला वडार म्हणून पकडले असा आमचा दावा नाही, आणि दोष कुणाचा हे न्यायालयच सांगेल. आम्ही एवढेच म्हणतो की गुन्हा नोंदवण्यासाठी आईला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागत असेल, तर ज्या आईला पत्ताच नाही तिने कुठे जायचे?

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपातले रोमा लोक शतकांपूर्वी आपल्याच भूमीतून तिकडे गेले, त्यांची भाषा त्याची साक्ष देते. स्वीडनसारख्या सुधारलेल्या देशात २०१३ मध्ये उघड झाले की एका भागातल्या पोलिसांनी चार हजारांहून अधिक रोमांची यादी करून ठेवली होती, आणि तिच्यात लहान मुलेही होती. ब्रिटनने २०२२ मध्ये परवानगीशिवाय गाड्या उभ्या करून मुक्काम करणाऱ्यांवर कडक कायदा केला, आणि मे २०२४ मध्ये त्यांच्याच उच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजांशी भेदभाव करणारी ठरवली. आपल्याला नोंदवही शिकवणारा देश स्वतःच्या घरातली नोंदवही अजून मिटवतो आहे.

आता आशेची बाजू. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात असे की पोलिसांच्या इतिहास-पत्रकांत मागास आणि विमुक्त जमातींतल्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे घालू नयेत. आणि ३ ऑक्टोबरला कारागृहांतल्या जातिभेदावरच्या निकालात असे की काही राज्यांच्या तुरुंग-नियमांतले 'भटकी किंवा गुन्हेगार जमात' असले शब्द घटनाबाह्य आहेत, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पोलिसांनी पाहावे. संविधान लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षांनी हे सांगावे लागले, ही लाजेची गोष्ट. पण सांगितले गेले, हे मोलाचे.

मात्र रकाना काढल्याने नजर निघत नाही. आडनाव आहे, बोली आहे, कपडे आहेत, पाल आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की खुलासा देण्याची जबाबदारी उलटी फिरली पाहिजे. आज भटक्याला विचारले जाते, तू इथे का? उद्या शिपायाला विचारले गेले पाहिजे, याच्यावरच संशय का? आणि त्याचे उत्तर लेखी हवे. त्यात जमात, पाल, 'पूर्वीची नोंद' असे शब्द सोडून दुसरे काही नसेल, तर ती अटक टिकता कामा नये. न्यायदंडाधिकाऱ्याने पहिल्या हजेरीला एवढे विचारले तरी पुष्कळ होईल. ऐपत नसलेल्याला जातमुचलक्यावर सोडणे हा उपकार नव्हे, तो १९७८ पासूनचा कायदा आहे.

आणि आपण? पाथरीची एक गंमत आहे. जानेवारी २०२० मध्ये या गावाचे नाव देशभर गाजले. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटींची घोषणा झाली आणि तिकडे शिर्डी बंद झाली. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. पण विचार करा. ज्याचे गाव ठाऊक नाही, आईबाप ठाऊक नाहीत, जात आणि धर्म ठाऊक नाही, जो एका पडक्या मशिदीत राहिला आणि दारोदार भिक्षा मागून जगला, असा एक फकीर आपल्या गावचा ठरावा म्हणून आपण भांडलो. त्याला पत्ता द्यायला दोन गावे पुढे आली. त्याच पाथरीच्या शिवारात आज एखादे बिऱ्हाड येऊन पाल ठोकते, तेव्हा आपण काय करतो? पोलीस पाटलाला फोन.

तो फोन करण्याआधी एकच गोष्ट विचारावी, ससा कुणी पाहिला? पाहिला असेल तर जरूर फोन करा आणि जे पाहिले तेवढेच सांगा. पाहिला नसेल, तर त्या माणसाचे नाव विचारा, पोरे शाळेत जातात का ते विचारा, आणि ग्रामसभेत त्यांच्या रेशनकार्डाचा आणि रहिवासी दाखल्याचा विषय काढा. कुणीतरी ओळखणारे असणे हा या लोकांसाठी सर्वांत मोठा जामीन आहे. तो द्यायला सातबारा लागत नाही.